मी खाल्लेली पृथ्वी

मी एकदा पृथ्वीची भाजी खाल्ली. एकट्याने नव्हे. सासरेबुवांनी ती दोनदा मागून घेतली आणि वर "कोहळं गोड हाय, जावाईबापू" असं प्रशस्तिपत्रही दिलं. पण चोरी माझी होती, आणि नंतरचं वर्षभराचं मौनही माझंच. ते सांगायचं, तर आधी त्या पृथ्वीचे मालक सांगायला हवेत.

दौलत गुरुजी. अनसिंग गावाच्या पलीकडे एका खेड्यात आमची दोन मास्तरांची शाळा होती. मी हेडमास्तर, ते सहायक. वयाने मात्र माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठे. बायको मागेच वारलेली, घरात एकटे. डोक्याला पांढरा रुमाल, पायात करकरणारे जोडे, आणि कान सदा दुसऱ्यांच्या बोलण्यावर. कोणी "सूर्य मावळला" म्हटलं की संपलं.

"मावळला? कोठी मावळला? सूर्य जागच्या जागी हाय, बाप्पा! आपुन फिरलो!"

पाटलांच्या घरी लग्न होतं. गोरज मुहूर्त. भटजी पश्चिमेकडे डोळे लावून उभे. गुरुजी मांडवातून ओरडले, "भटजी, सूर्याची वाट कायले पाह्यता? गाव फिरलं की टाका अक्षता!" नवरदेव अंतरपाटाआडून डोकावून गाव फिरतंय का ते पाहू लागला.

त्यांची आणखी एक खोड होती. भल्या पहाटे, डोळ्यांत बोट घातलं तरी दिसणार नाही अशा अंधारात, ते विहिरीवर बादली सोडत आणि मोठ्याने म्हणत, "चला, दिवस निघाला!"

"अहो मास्तर, कोंबडं तरी आरवू द्या!" पाणी भरायला आलेली गौराबाई कुरकुरायची.

"निघाला म्हंजे निघाला," गुरुजी म्हणत. का, ते मात्र सांगत नसत.

दिवस-रात्र शिकवायची त्यांची तऱ्हा अशी. शाळेच्या सामानाच्या खोलीत खिडकीला घोंगडी लावायची. मधे गोदी नावाची मुलगी कंदील धरून उभी. ती सूर्य. "हाललीस तं दुनिया बुडली, बाई!" बाकीची पोरं भोवती गोल उभी राहून जागच्या जागी फिरायची. कंदिलाकडे तोंड आलं की दिवस, पाठ झाली की रात्र. रात्र झालेल्यांनी घोरायचं. पोरं इतकी मनापासून घोरत की शेजारच्या वर्गात माझी बेरीज चुके.

मग यायची पृथ्वी. टोपलीएवढं कोहळं, त्यातून आरपार एक बांबूची कामटी. गावासाठी डिंकाने चिकटवलेला ज्वारीचा दाणा. शिवाय त्याच्या उजवीकडे, जरा वर, एक लाल गुंज. कामटी फिरली की आधी गुंज उजेडात येई, मागाहून दाणा. "गुरुजी, आपला दाणा निघाला!" पोरं ओरडत. पुस्तकातून दहा वर्षांत न शिरलेली गोष्ट त्यांच्या डोक्यात दहा मिनिटांत शिरे. मला त्याचं कौतुक वाटायला हवं होतं. खरं सांगतो, थोडं पोटात दुखायचं.

इन्स्पेक्टरसाहेब सोमवारी येणार होते. त्यांना हा पाठ दाखवायचा, आणि त्यांनी शाबासकी दिली तर दर वर्षी असंच शिकवायचं, म्हणून गुरुजींनी नवं कोहळं सजवून ठेवलं होतं. शुक्रवारी संध्याकाळी माझे सासरे न कळवता आले. घरात भाजी नव्हती. मी शाळेत गेलो आणि कोहळं उचललं. ते कशासाठी ठेवलंय हे माहीत नव्हतं असं नाही. कोहळंच तर आहे, उद्या दुसरं आणून ठेवू, एवढाच विचार केला.

साहेब शनिवारी सकाळीच बैलांच्या दमणीतून उतरले.

गुरुजींनी पोरं उभी केली, कंदील पेटवला, आणि पृथ्वी घ्यायला वळले तर पृथ्वी नाही. त्यांनी पोती उचलून पाहिली, फळ्यामागे पाहिलं. शेवटी हात जोडून म्हणाले, "सायेब, गौराबाईची बकरी इकडं येत असते. तिनं पृथ्वी खाल्ली असंल."

साहेब हसले नाहीत. शेरा लिहिला: शिक्षकाची तयारी नाही, असले खेळ बंद करून पुस्तकावरून शिकवावे. त्या शेऱ्याची प्रत शाळेच्या वहीत मी उतरवली, सुवाच्य अक्षरात. गौराबाईने बकरीला बदडलं, तेही मी पाहिलं.

त्यानंतर दौलत गुरुजी पुस्तकातून शिकवू लागले. "पृथ्वी स्वतःभोवती फिरते," पोरं सुरात म्हणत आणि जांभया देत. एकदा संध्याकाळी मी मुद्दाम म्हणालो, "गुरुजी, सूर्य मावळला." वाटलं, उसळतील.

"मावळला असंल," ते म्हणाले.

आणि रुमाल सारखा करून घराकडे निघाले.

पुढे एकदा ते सामानाच्या खोलीत गुडघ्यांवर बसून जमीन चाचपताना दिसले.

"काय हरवलं?"

"गुंज."

"एका गुंजेसाठी? कुंपणाला ढीगभर आहेत."

"ते माह्या लेकीनं, शेवंतानं दिलेली हाय, जाताना." ते उठले नाहीत. "जावाई रेल्वेत. आसामात नेलं तिले. लय लांब. तिच्या इथं दिवस आपल्याहून तासभर आधी निघते. ते उठते तवा मीबी उठतो. तेवढंच संगं."

पहाटेच्या त्या बादलीचा अर्थ मला तेव्हा कळला. गुंज माझ्या घरी होती. भाजी चिरताना बायकोने ती काढून कुंकवाच्या करंड्यात ठेवली होती. तेव्हाच बोलायला हवं होतं. मी नुसता उभा राहून पाहत राहिलो.

बायकोला मात्र त्याच रात्री सगळं सांगितलं. ती म्हणाली, "त्या कोहळ्याच्या बिया ठेवल्या हायेत मी." मृगात तिने परसात आळं केलं. वेल छपरावर चढला. मी रोज पाणी घालायचो. दिवाळीनंतर एक कोहळं टोपलीएवढं झालं.

पुढच्या तपासणीला साहेब वर्गात बसले होते. मी ते कोहळं पोटाशी धरून आत गेलो.

"साहेब, मागच्या साली बकरीची काही चूक नव्हती. पृथ्वी मी खाल्ली."

गोदीने तोंडाला ओढणी लावली. साहेबांनी चष्मा काढला. गुरुजी हळूच म्हणाले, "आळणी तं नोती?"

सगळा वर्ग हसत सुटला. साहेबही हसले, आणि म्हणाले, "आता दाखवा तरी, होतं काय ते."

घोंगडी लागली, कंदील पेटला. मी खिशातून गुंज काढून गुरुजींच्या तळहातावर ठेवली. त्यांनी ती ओळखली. चिकटवली बरोबर जागी. कामटी फिरू लागली. अंधारातून लाल ठिपका उजेडात आला.

"शेवंता उठली," ते पुटपुटले. मग मोठ्याने, पहिल्यासारखे, "चला, दिवस निघाला!"

साहेबांनी शेरा खोडला. पोरं बाहेर पळाली. खोलीत आम्ही दोघेच उरलो. ते कंदिलाची वात खाली करत होते.

"गुरुजी," मी म्हणालो, "कोहळ्याचं सोडा. तुम्ही जमिनीवर गुंज शोधत होता आणि मी उभा राहून पाहत होतो. त्याबद्दल मला माफ करा."