सीलबंद सासूबाई

“अठरा वर्षांत माझ्या गोदामातली एक बाटली फुटली नाही. तुझ्या आईला काय होतंय?” स्टोअरकीपर छाती काढून बायकोला म्हणाला.

औषधांचं गोदाम सांभाळणाऱ्या या गृहस्थाला सासूबाईंना रेल्वेने दोन तासांवरच्या मेहुण्याकडे पोचवायचं होतं. सासूबाईंना शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी. नुसता स्पर्श झाला तरी गांधी उठायच्या, आणि पोटात गेला की गाठ थेट दवाखान्याशी. त्याने घरचा डबा घेतला, चमचे उकळले, सगळ्यावर चिठ्ठ्या डकवल्या. आणि अ‍ॅलर्जीवरचं तातडीचं इंजेक्शन? गोदामाचा शिरस्ता असा, की माल जितका मोलाचा तितका आत. ते लोखंडी पेटीत गेलं, पेटीला नंबराचं कुलूप लागलं आणि पेटी सीटखाली साखळीने जखडली.

गाडी सुटली. समोरच्या शिक्षिकाबाईंनी एका रुमालाची गाठ सोडली. आत भाजलेले शेंगदाणे!

“थांबा!” तो असा ओरडला की वरच्या बर्थवरचे काका ताडकन उठून छताला आपटले.

बाई बिचाऱ्या भल्या. दाणे पिशवीत भरून त्या पिशवी लांब ठेवायला आणि हात धुवायला गेल्या.

“जावईबापू, तमाशा पुरे. मी का त्यांच्या हातचं खाणार आहे?”

“आई, तुम्ही हलूसुद्धा नका! आधी जागा पुसतो.”

पुसायचं फडकं पेटीत होतं. त्याने सीटवर पडलेला रुमाल उचलला आणि खिडकी पुसली, सीट पुसली, पाण्याची बाटली पुसली, शेवटी सासूबाईंचा चष्माही पुसून त्यांच्या हातात दिला.

दहा मिनिटांनी सासूबाई मनगट खाजवू लागल्या. नाकावरही लाल पट्टा उमटला.

“जावईबापू, तो रुमाल कुणाचा?”

“माझा,” परत आलेल्या शिक्षिकाबाई हळूच म्हणाल्या. “दाणे त्यातच होते ना.”

स्टोअरकीपर पेटीवर झेपावला. नंबर? सकाळीच बदललेला. लिहून ठेवलेला. मालाच्या यादीवर. यादी पेटीत.

“तीन आकडी ना? मग हजारच तर आहेत!” काका खाली उतरले आणि शून्यापासून सुरू झाले. शिक्षिकाबाई पाढे म्हणवून घ्यावेत तशा आकडे सांगू लागल्या. स्टोअरकीपरच्या डोळ्यांपुढे बायको उभी राहिली.

सासूबाई उठल्या, साबणाने हात-तोंड आणि चष्मा धुऊन आल्या, कमरेची पिशवी उघडून एक गोळी घेतली. पिशवीत इंजेक्शनही होतं.

“बावीस वर्षं कमरेलाच असतं माझ्या. पेटीतलं जादाचं.”

“मग आई, सांगायचं नाही का!”

“बोलू दिलंत कुठे? ओठ सुजलेले नाहीत, श्वास चांगला चाललाय. धाप तुम्हाला लागलीय. बसा.”

तो बसला, पण नजर सासूबाईंच्या नाकावरच. दर मिनिटाला विचारी, “आई, श्वास?” त्या म्हणत, “चालू आहे.” तासाभराने गांधी बसल्या तेव्हा कुठे त्याने स्वतः एक खोल श्वास घेतला.

“सहाशे अठरा!” काका ओरडले. कुलूप उघडलं. सगळे पेटीवर वाकले, टाळ्या पडल्या, सासूबाईसुद्धा हसल्या.

तेवढ्यात गाडी मेहुण्याच्या स्टेशनवर दोन मिनिटं थांबली आणि सुटली.