घागरा नव्हं ओ, किल्ट!

इंगळे भाऊजींनी मला आयुष्यात विचारलेला पहिला प्रश्न असा होता : "वहिनी, साहेबांच्या चड्ड्या पुण्यास्नं आणल्यात, का हितंच घेतल्यात ओ?"

मला जपानात येऊन जेमतेम आठवडा झाला होता. कावासाकीतल्या आमच्या पाच मजली, बिनलिफ्टच्या वसाहतीच्या जिन्यात मी कांद्यांची पिशवी घेऊन दम खात उभी होते. समोर एक उंच, मिशाळ, कवायतीला उभा राहिल्यासारखा ताठ माणूस. आठवड्याभराने नवऱ्याव्यतिरिक्त कुणाच्या तोंडून मराठी ऐकलं म्हणून मला आधी भरून आलं. मग त्या मराठीत विचारलं काय ते डोक्यात शिरलं. "पुण्याहून," एवढंच पुटपुटून मी घरात शिरले आणि दार लावून घेतलं.

संध्याकाळी सुधीरला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, हे सांगितलं तर तो हसत सुटला. "इंगळे ना? चौथ्या मजल्यावरचे, आमच्याच ऑफिसातले. भला माणूस आहे गं. त्यांना किल्ट सांभाळायचा असतो, म्हणून विचारलं असेल."

"किल्ट म्हणजे तो स्कॉटलंडचे पुरुष घालतात तो चौकडीचा घागरा?"

"त्यांच्यासमोर घागरा म्हणू नकोस हं," सुधीर एकदम गंभीर झाला.

मी अर्थातच पुढच्याच भेटीत म्हणाले. "घागरा नव्हं ओ, किल्ट!" भाऊजी कळवळून म्हणाले. हे वाक्य नंतर मी इतक्या वेळा ऐकलं, की वसाहतीतली जपानी मुलंसुद्धा त्यांना पाहिलं की "घागरा-नव्हं-ओ!" असं ओरडायची. मुलांना वाटायचं हे भाऊजींचं नावच आहे.

भाऊजी बेळगावचे. वडील पलटणीच्या बँडात बॅगपाइप वाजवायचे. वडील गेल्यावर भावांनी घर घेतलं, शेत घेतलं, आणि यांनी ते पिशवीचं वाद्य आणि वडिलांनी पलटणीच्या शिंप्याकडून शिवून घेतलेला किल्ट घेतला. पुढे इंजिनिअर झाले, नोकरीसाठी जपानात आले, तेव्हा हे दोन्ही बरोबर आलं. घरात वाजवलं तर शेजारी तक्रार करतात म्हणून रविवारी सकाळी तामा नदीच्या काठी, रेल्वेच्या पुलाखाली उभे राहून वाजवत. वरून गाडी गेली की आवाज आणखी चढवत. आणि वर्षातून एकदा, ऑगस्टात, स्टेशनसमोरच्या चौकात उन्हाळी मेळा भरायचा. त्यात परदेशी मंडळींच्या कार्यक्रमात भाऊजींचं अर्धा तास वादन असे, पूर्ण पोशाखात.

आता ऑगस्टातलं कावासाकी म्हणजे झाकण ठेवलेलं पातेलं. आणि किल्ट म्हणजे आठ वार जाड लोकर, नऊवारीपेक्षा एकच वार कमी. त्यात त्याच्या आत काही घालायचं नाही अशी तिकडची रीत म्हणे. "त्येंचं ठीक हाय ओ," भाऊजी म्हणत, "त्येंना कुठला आलाय घाम? आमचं मात्र सूत्र एकच. अंगाची आणि लोकरीची गाठ पडाय नको!"

"मग मेळा झाला की ड्रायक्लीनला टाकायचा," मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी जणू त्यांच्या आजारी नातेवाइकाला नदीत बुचकळून काढा असं सुचवलं होतं. "तेवढं सोडून बोला, वहिनी. किल्टला पाणी न्हाई, वाफ न्हाई, औषध न्हाई."

"मग घालूच नका."

"घालाय तर पायजे की ओ," ते म्हणाले. आवाज एकदम खाली गेला होता.

असा सगळा पेच. ऑगस्टात घालायचाही, आणि आतल्या बाजूला घामाचा थेंबही लागू द्यायचा नाही. या पेचातून सोडवणारी चड्डी भाऊजी वर्षभर शोधत असत.

त्यांच्या घरी दुसरं कुणी दिसत नसे. मी एकदा सहज विचारलं, "आमच्या जाऊबाई कुठं असतात?"

"माहेरी गेल्यात," भाऊजी म्हणाले. "नागानोला. लेकीला घिऊन."

सुधीरने नंतर मला सांगितलं, की मिचिको-सान माहेरी जाऊन तीन-चार वर्षं झाली होती. कागदोपत्री सगळं संपलं होतं. इथे नवरा-बायको वेगळे झाले की मूल एकाकडेच जातं, आणि दुसऱ्याला ते पुन्हा दिसेलच असं नसतं. भाऊजींचा फोन तिकडे कुणी घेत नसे. भांडण कशावरून झालं ते कुणालाच माहीत नव्हतं. भाऊजी मात्र सगळ्यांना एकच सांगत : माहेरी गेल्यात. जणू पुढच्या आठवड्यात लोणच्याची बरणी घेऊन परत येणार आहेत.

चड्ड्यांचा इतिहास मात्र ते भरभरून सांगत. पहिला मान आपल्या पट्ट्यापट्ट्यांच्या नाडीच्या चड्डीला मिळाला. मला जिन्यात गाठलं होतं ते त्यासाठीच. सुधीरची एक कोरी चड्डी मी कागदात गुंडाळून त्यांना पोहोचवली. कापड छान होतं, पण नदीकाठच्या रंगीत तालमीत नाडी सुटून किल्टखालून गुडघ्यांमध्ये लोंबायला लागली. एका जपानी आजींना ती पोशाखाचाच भाग वाटली. त्यांनी वाकून विचारलं, याला काय म्हणतात? भाऊजी म्हणाले, नाडी. आजी म्हणाल्या, फार सुंदर आहे. पुढच्या रविवारी त्या मैत्रिणीला घेऊन नाडी पाहायला आल्या.

मग इथले म्हातारे उन्हाळ्यात घालतात ती पातळ, गुडघ्याखालपर्यंतची सुतेतेको झाली. ती किल्टच्या खालून बाहेर डोकवायची, म्हणून भाऊजींनी कापली. पण ती घाम टिपून प्रामाणिकपणे पलीकडे पोहोचवायची. मग ते टोकियोतल्या एका मोठ्या दुकानात बायकांच्या विभागात गेले आणि झुळझुळीत परकर मागितला. विक्रेत्या मुलीने नम्रपणे विचारलं, पत्नीसाठी का? भाऊजी म्हणाले, "माझ्यासाठी." तिने पापणीही न लववता टेप काढली, कंबर मोजली आणि रंग कुठला हवा ते विचारलं. "हा देश उगाच मोठा झाला न्हाई, वहिनी," भाऊजी हे सांगताना गहिवरायचे. पण तो परकर इतका गुळगुळीत निघाला, की चालता चालता किल्ट कमरेभोवती फिरला आणि मागच्या चुण्या पुढे आल्या.

लंगोट झाला. उत्सवाचे कपडे विकणाऱ्या एका दुकानात फुंदोशी पाहून त्यांना बेळगावच्या तालमीची आठवण आली आणि त्यांनी एकदम चार घेतले. घरी येऊन बांधल्यावर चूक लक्षात आली. "पुढचं सगळं झाकतंय," ते हताशपणे म्हणाले, "मागचं देवावर सोडलंय. आणि मला तर मागचंच पायजे."

नापास झालेल्या चड्ड्या ते कचऱ्यात टाकायला गेले, तर तळमजल्यावरच्या बाईंनी पारदर्शक पिशवी तशीच दारात परत आणून ठेवली. इथे कचऱ्यातही कपडे टाकायचा दिवस वेगळा असतो. ती पिशवी जिन्यात दोन दिवस होती, आणि येताजाता सगळे मान खाली घालत होते.

मी तेव्हा दिवसभर रिकामी असे. मला भाषा येत नव्हती, काम करायची परवानगी नव्हती. फ्रिजवर हिरागानाचा, म्हणजे जपानी मुळाक्षरांचा, तक्ता चिकटवून अक्षरं गिरवायची आणि जुन्या बाजारातून आणलेल्या शिवणयंत्रावर पडदे शिवायचे. पडदे संपले, आणि जुलैच्या शेवटी मीच भाऊजींना म्हणाले, "मी शिवून देते." परदेशात जाऊन लेक शेजाऱ्यांच्या चड्ड्या शिवते हे माझ्या आईला कळलं असतं, तर तिने अंथरूण धरलं असतं.

"कमरेत उंच हवी," मी ठरवून टाकलं, "घेर परकरासारखा, पाय चड्डीसारखे, आणि बैठकीला तिहेरी कापड."

"चड्डीकोट!" भाऊजींनी तिथल्या तिथे बारसं केलं. "शिस्तीत, वहिनी, एकदम शिस्तीत!"

"पण कापड नवं चालणार नाही. नव्याला खळ असते, ते पाणी धरत नाही. धुऊन धुऊन मऊ झालेलं पाहिजे. जुनेर आहे का काही?"

 भाऊजी वर गेले आणि बऱ्याच वेळाने एक गाठोडं घेऊन आले. मी सोडलं. आत लहान मुलांची सुती दुपटी होती, पांढरी, सायीसारखी मऊ. प्रत्येकाच्या कोपऱ्यात काळ्या शाईने, नीटनेटक्या हाताने दोन अक्षरं लिहिलेली. मी तक्ता आठवत आठवत, बोट ठेवून वाचलं. मि. का. तक्त्याच्या बाहेर मी वाचलेला तो पहिला जपानी शब्द.

"मिका लेकीचं नाव," भाऊजी म्हणाले. "पाळणाघरात सगळ्यावर नाव घालाय लागतंय ओ. मोजे, चमचा, रुमाल, एकेक दुपटं. मिचिको रोज बसून लिवायची."

माझा हात कात्रीकडे जाईना. "भाऊजी, ही नको. मी माझी साडी फाडते."

"कापा की ओ. कपाटात ठेवून ती काय मोठी हुणार हायत?"

तरी मी कापेना. मग, काहीतरी बोलायचं म्हणून, मी म्हणाले, "आधी किल्ट दाखवा. अस्तर कुठपर्यंत आहे ते पाहायला हवं." त्याला त्यांनी कुणालाही हात लावू दिलेला नव्हता. ते बराच वेळ घुटमळले. पण गेले, घेऊन आले, पंच्याने जेवणाचं टेबल दोनदा पुसलं, आणि किल्ट त्यावर उलटा पसरला.

आतल्या बाजूला कमरेपासून बैठकीपर्यंत पांढऱ्या कापडाचं अस्तर होतं. त्याच्या खालच्या काठाला, बरोबर जिथे माणूस बसतो तिथे, निळ्या स्केचपेनने दोन भलीमोठी अक्षरं काढलेली होती. पहिलं आडवं पडलेलं, दुसरं उलटं. तरी वाचता येत होती. मि. का.

"नुकती लिवाय शिकली होती," भाऊजी म्हणाले. "पाळणाघरातल्या बाईंनी सांगितलं होतं, जे जे आपलं हाय त्येच्यावर आपलं नाव लिवायचं. मग हरवलं तरी परत येतंय. तर ही घरात आली, आणि मी मेळ्यासाठी हे घालून बसलोय. उठा म्हणाली. उठवलं, मागं गेली, काठ उलटा केला, आणि आतल्या पांढऱ्यावर लिवलं. मिचिको रागावली, डाग जाईल का बघाय लागली. मी म्हटलं राहू दे." ते अक्षरांवर वाकले. "ही शाई पाण्यानं जातीय ओ, वहिनी. घामानंबी."

मला रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही. इतके महिने ज्या चड्ड्यांवर आम्ही सगळे पोट धरून हसत होतो, त्या या दोन अक्षरांसाठी होत्या. मी म्हणाले, "मग भाऊजी, घालताच कशाला हो? पेटीत ठेवा ना जपून."

"ती दरवर्षी माझ्या खांद्यावर बसून मेळ्याला जायची. बाबा कवा वाजवतो, कुठं वाजवतो, तिला पक्कं ठाऊक हाय. कधी आली, आणि मी पँटीत उभा असलो तर? एवढ्या गर्दीत वळखणार कशी?"

मी कात्री उचलली. कोपरे मात्र कापले नाहीत. चड्डीकोटाच्या बैठकीला बाहेरच्या बाजूने मी एक कोपरा तसाच ठेवला, मोजून मापून अशा जागी, की मिचिको-सानचं रेखीव 'मिका' बरोबर लेकीच्या वाकड्या 'मिका'वर टेकेल. जागा कुठली होती ते आठवलं की अजूनही हसू येतं. शिवताना मात्र आलं नव्हतं.

मेळ्याच्या दिवशी वारा म्हणून नव्हता. भाऊजी मंचावर उभे राहिले, पिशवी काखेत दाबली आणि वडिलांनी शिकवलेली कवायतीची चाल सुरू केली. मी पुढे उभी होते. त्यांची नजर वाद्यावर नव्हतीच. सात-आठ वर्षांची कुठलीही मुलगी आईचं बोट धरून चौकात आली, की नजर तिच्याबरोबर चालायची, तिचा चेहरा दिसेपर्यंत. मग पुढच्या मुलीकडे जायची. अर्धा तास झाला तरी ते थांबेनात. शेवटी संयोजकांनी वाकून वाकून त्यांना खाली आणलं.

शर्ट पिळून काढावा इतका भिजला होता. ते धावत स्टेशनच्या स्वच्छतागृहात गेले. सुधीर आणि मी बाहेर उभे, एखाद्याचा निकाल लागायचा असावा तसे. भाऊजी बाहेर आले. मिशीवरून घाम ठिबकत होता. "कोरडं!" ते म्हणाले. "शिस्तीत, वहिनी! जसंच्या तसं हाय!" आणि भर स्टेशनात त्यांनी मला कडक सलाम ठोकला.

मेळा उठला. माणसं पांगली, दिव्यांच्या माळा उतरवायला सुरुवात झाली. सुधीर म्हणाला, "चला इंगळे, आमच्याकडेच जेवा आज. हिने आमटी करून ठेवलीय."

भाऊजी स्टेशनच्या दाराकडे पाहत होते. एक गाडी येऊन गेली होती आणि तिच्यातली माणसं बाहेर पडत होती.

"तुम्ही व्हा पुढं," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळून, समजूत घालावी तसे म्हणाले, "माहेरातनं बाईमाणसाचा पाय लवकर निघत नसतोय ओ. तुम्हाला ठाऊकच हाय."

मी होय म्हणाले. त्यांनी चुण्या सारख्या केल्या, पिशवीत पुन्हा हवा भरली, आणि आम्ही घराच्या कोपऱ्याशी वळेपर्यंत त्यांचं वाद्य ऐकू येत होतं.