स्वच्छतागृहाची कडी आणि गरजांचा त्रिकोण

आमच्या वजनमाप पडताळणी कार्यालयाच्या पहिल्या मजल्यावरील महिला स्वच्छतागृहाच्या दाराची आतली कडी एका सोमवारी सकाळी निखळून पडली. कडी लोखंडी, लांबी आठ सेंटिमीटर, वजन बासष्ट ग्रॅम. वजन मी स्वतः केलं. बाजारातले तराजू आणि वजनं खरी आहेत की नाहीत हे तपासून त्यांवर शिक्का मारणं, हे आमच्या कार्यालयाचं काम. शिक्का बसला की तराजू एक वर्ष खरा मानला जातो. मधल्या काळात तो काय दाखवतो, हा त्याचा प्रश्न.

आमच्या मजल्यावर बायका दोनच. वीस ग्रॅमच्या खालची वजनं माझ्याकडे आणि वीस किलोच्या वरची टनबाईकडे. हे नाव शिपाईमामांनी ठेवलं. मला ते मिलीताई म्हणतात. कडी गेल्यापासून ते दार आपोआप वीतभर उघडू लागलं, म्हणून एकीने आत जायचं आणि दुसरीने बाहेरून दार ओढून धरायचं, अशी आम्ही सोय लावली. बाहेरचीने सतत बोलत राहायचं, ही अट माझी. ती गप्प झाली तर ती आहे की गेली, हे आतून कळायला मार्ग नसतो. टनबाई मला तिच्या जावेची कर्मकहाणी रोज थोडी थोडी सांगू लागली. माझ्याकडे सांगण्यासारखी जाऊ नाही, त्यामुळे मी मूलद्रव्यांची नावं क्रमाने म्हणायचे.

"अगं ए, शिशापर्यंत पोचलीस!" ती आतून ओरडायची. "माझं लोखंडालाच झालं होतं. दार सोड की!"

मी रीतसर अर्ज केला. कडी एक, स्क्रू चार.

त्याच आठवड्यात साहेब दोन दिवसांच्या प्रशिक्षणाहून परतले आणि येताना एक त्रिकोण घेऊन आले. त्रिकोणाचे आडवे पाच भाग होते. सगळ्यात खाली भूक, तहान, झोप वगैरे शारीरिक गरजा. त्यावर सुरक्षितता, त्यावर आपुलकी, त्यावर मानसन्मान आणि अगदी टोकाला आत्मसिद्धी, म्हणजे माणसाने आपल्या पूर्ण क्षमतेला पोचणं. खालची गरज भागल्याशिवाय माणसाला वरची खुणावत नाही, असं एका मानसशास्त्रज्ञाचं म्हणणं असल्याचं साहेबांनी सांगितलं. विचार वाईट नव्हता. पण तो आमच्या कार्यालयात आला. आमच्याकडे जे येतं त्याची पडताळणी होते आणि त्यावर शिक्का बसतो.

पहिल्या पातळीची पडताळणी मंगळवारी ठरली. सकाळी दहाला सर्वांना चहा आणि बिस्किटं देण्यात आली. साडेदहाला हेडक्लार्क यादी घेऊन बसले.

"भूक आहे?"

"आत्ता नाही," मी म्हणाले.

"'आत्ता'ला रकाना नाही. आहे की नाही?"

"नाही."

"तहान? झोप? इतर नैसर्गिक?"

मी नुकतीच जाऊन आले होते. नाही म्हणाले. माझ्या ओळखपत्रावर गोल शिक्का बसला. शारीरिक गरजा पूर्ण, वैधता एक वर्ष.

बुधवारी पाण्याचं पिंप हलवण्यात आलं. गुरुवारी चहाची खोली बंद झाली. शिपाईमामा रिकामा पेला घेऊन हेडक्लार्कच्या टेबलापाशी उभे राहिले.

"मामा, तुमची तहान पुढल्या वर्षी याच महिन्याच्या बावीस तारखेपर्यंत भागलेली आहे. ही बघा तुमची सही."

"सही माझीच आहे हो," मामा म्हणाले, "पण घसा कुणाचा कोरडा पडलाय?"

"ते तपासावं लागेल," हेडक्लार्क गंभीरपणे म्हणाले आणि त्यांनी तशी नोंद केली.

आम्ही सगळे घरून बाटल्या आणू लागलो. आठवड्याभरात कार्यालयातला पाण्याचा वापर शून्यावर आला. समाधान शंभर टक्के झाल्याचा आलेख साहेबांनी भिंतीवर लावला.

माझा अर्ज मात्र अडकला होता. कडी कुठल्या पातळीची, हे ठरत नव्हतं.

"पहिल्या पातळीत घ्यायची, तर तुमची ती पातळी पूर्ण आहे," हेडक्लार्क म्हणाले. "वर्षभर तुम्हाला तिकडे जायचं कारणच नाही."

"मग सुरक्षितता धरा."

"आजवर काही अपघात झालाय?"

"नाही. आम्ही दार धरतो."

"म्हणजे सुरक्षित आहात. मानसन्मानात घालू का? पण ती चौथी पातळी. दुसरी-तिसरीची पडताळणी अजून व्हायची आहे."

"अहो, कडी हवी आहे. आठ सेंटिमीटरची."

"लांबी समजली हो, ताई. उंचीचं काय?"

प्रकरण समितीकडे गेलं. समितीचे दोन सदस्य तीन दिवस स्वच्छतागृहापासून सहा पावलांवर स्टुलं टाकून बसले. हातात स्टॉपवॉच आणि वही. आम्ही जोडीने जायचो, ते वेळ टिपायचे. दुसऱ्या दिवशी टनबाईच्या जावेने दागिने घेऊन माहेर गाठल्याचा भाग होता. तो ऐकायला दोघंही स्टुलं पुढे सरकवून बसले.

"पुढे काय झालं?" माझं आटपल्यावर एकाने विचारलं.

"पुढलं दुपारी," टनबाई म्हणाली. "मिली पाणी प्यायली तर."

अहवाल पंधरा पानांचा झाला. संपूर्ण कार्यालयात परस्पर संवाद, विश्वास आणि सहकार्य सर्वाधिक कुठे आढळलं, तर पहिल्या मजल्यावरील महिला स्वच्छतागृहाच्या दाराशी. कारण एकच, कडी नसणं. सबब तिथे कडी बसवल्यास आपुलकीची हानी होईल. उलट, इमारतीतल्या उर्वरित सर्व स्वच्छतागृहांच्या कड्या तत्काळ काढाव्यात.

कड्या काढल्या गेल्या. पुरुष मंडळींत आधी बरीच चुळबुळ झाली. आवक आणि जावक या विभागांचे कारकून चार वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. ते आता एकमेकांचं दार धरून हवापाण्यावर बोलू लागले, कारण दुसरं कुणी त्यांचं दार धरायला तयार नव्हतं. साहेबांनी त्यांचा फोटो काढून वरच्या कार्यालयाला पाठवला. साहेबांच्या दालनातल्या स्वच्छतागृहाची कडी तेवढी राहिली. त्रिकोणाच्या टोकावर एकाच माणसाला जागा असते, असं त्यांनी समजावून सांगितलं.

हेही चाललं असतं. माणूस कशालाही सरावतो. पण टनबाईच्या लेकीचं बाळंतपण जवळ आलं आणि तिने सोमवारपासून महिन्याची रजा टाकली. मजल्यावर मी एकटी उरणार होते. दार कोण धरणार?

"मामांना सांग," टनबाई म्हणाली.

"मामांना? लाजेने मरतील ते. आणि त्यांच्याआधी मी."

"मग महिनाभर पाणी पिऊ नकोस. शिक्का आहेच तुझ्याकडे!"

चेष्टा करत होती, पण मी खरंच करून पाहिलं. शुक्रवारी सकाळी आठपासून काही प्यायले नाही. तीन वाजता डोकं दुखायला लागलं आणि चारला मी पाच मिलीग्रॅमचं वजन पन्नास म्हणून लिहिलं. सतरा वर्षांतली माझी पहिली चूक.

घरी सासूबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी उभा जन्म शिलाईमशिनं दुरुस्त केली आहेत. त्यांनी त्रिकोणाचं चित्र चष्मा लावून नीट पाहिलं.

"यात स्क्रूड्रायव्हर कुठेय?" त्यांनी विचारलं.

"नाहीये, आई."

"मग याचा काय उपयोग?" त्या उठल्या आणि आपला लाकडी मुठीचा स्क्रूड्रायव्हर माझ्यापुढे ठेवला.

शनिवारी सुट्टी होती. मी हार्डवेअरच्या दुकानातून कडी आणली, रखवालदाराला टेबलावर राहिलेला चष्मा न्यायला आल्याचं सांगून आत गेले आणि अकरा मिनिटांत ती बसवली. सोमवारी मी स्वच्छतागृहात गेले आणि कडी लावली. बाहेर कुणी बोलत नव्हतं. इतकी शांतता मी त्या इमारतीत कधी अनुभवली नव्हती.

मंगळवारी मला साहेबांनी बोलावलं. हेडक्लार्क तक्ता घेऊन उभे होते.

"ही कडी कुणी बसवली?"

"मी."

"कुणी सांगितलं होतं?"

"कुणी नाही. गरज होती."

"वस्तू कुणाची?"

"माझी."

"वेळ?"

"सुट्टीचा."

साहेब खुर्चीतून उठले. मला वाटलं, आता नोकरी गेली. पण त्यांचे डोळे पाणावले होते.

"लिहा," ते हेडक्लार्कना म्हणाले. "वस्तू स्वतःची, वेळ स्वतःचा, श्रम स्वतःचे आणि तक्रार शून्य. हीच ती आत्मसिद्धी! या कार्यालयातली पहिली."

माझ्या ओळखपत्रावर एकदम चार शिक्के बसले. टोकाला पोचलेल्या माणसाच्या खालच्या पातळ्या आपोआप पूर्ण ठरतात, त्यामुळे इथून पुढे माझा कसलाही अर्ज घेतला जाणार नाही, असं हेडक्लार्कनी अभिनंदन करताना सांगितलं. दुपारी परिपत्रक निघालं. सर्व कर्मचाऱ्यांनी बंद दिवे, मोडक्या खुर्च्या आणि गळके नळ यांच्याद्वारे महिनाअखेर आत्मसिद्धी गाठावी. दुरुस्ती विभाग कर्मचाऱ्यांच्या प्रगतीत अडथळा आणत असल्याने बंद करण्यात येत आहे.

आणि इतरांना प्रेरणा मिळावी म्हणून माझी कडी चारही स्क्रूंसकट काढून, काचेच्या चौकटीत बसवून, स्वागतकक्षात लावण्यात आली.

रात्री जेवताना मी हे सांगितलं. सासूबाईंनी घास गिळला. "दुसरी आण," त्या म्हणाल्या. "आणि या खेपेला तोंड बंद ठेव."

दुसरी कडी आता माझ्या पर्समध्ये असते. आत गेलं की लावायची, बाहेर येताना काढून घ्यायची. दोन स्क्रू, जायचं अर्धं मिनिट, यायचं अर्धं मिनिट. टनबाई परत आली आहे. नातू झाला, साडेतीन किलोचा. तिने स्वतः वजन केलं. तीही हल्ली पर्समध्ये स्क्रूड्रायव्हर ठेवते. जावेचं पुढे काय झालं, हे मला अजून कळलेलं नाही.

तुम्हाला हसू आलं असेल. येऊ दे. फक्त उद्या कार्यालयात गेलात की जरा वाकून आपल्या टेबलाच्या पायाखाली बघा. घड्या घातलेला एक पुठ्ठा सापडेल. तो तुम्हीच ठेवलाय, कधीतरी, कंटाळून, कुणालाही न सांगता. आणि गेल्या पाहणीच्या फॉर्मवर 'समाधानी'पुढे खूणही तुम्हीच केली आहे.

पुठ्ठा तसाच राहू द्या. कुणाला दाखवू नका. चौकटीत बसवतील.