हवालदारांच्या उरलेल्या कॅलरी

"पंचेचाळीस दिवसांत सात किलो! नाही उतरवले तर वर्दी खुंटीला टांगून घरी बसेन!"

हवालदारांनी ही घोषणा केली तेव्हा त्यांच्या हातात लोणी लावलेला पाव होता, आणि तो शेवटचाच आहे असं ते पहिल्या पावापासून सांगत होते. बायकोने चहाचा कप पुढे सरकवला. ती एका शाळेच्या ग्रंथालयात कामाला होती. 'उद्या नक्की आणून देतो' म्हणणारे लोक तिने आयुष्यभर पाहिले होते, त्यामुळे घोषणांवरचा तिचा विश्वास केव्हाच उडाला होता.

घोषणेला कारण मात्र तसंच घडलं होतं. वाहतूक शाखेत नवे साहेब आले होते. काडीसारखे सडपातळ, जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढणारे. त्यांनी आल्या आल्या फतवा काढला, की अठ्ठ्याऐंशी किलोच्या वर वजन असलेला कुणीही यापुढे चौकात उभा राहणार नाही. त्याची रवानगी थेट गोदामात, जप्त केलेल्या नंबरपाट्यांची यादी करायला! पंचेचाळीस दिवसांनी सगळ्यांची वजनं होणार होती. आणि हवालदार त्या दिवशी भरले होते पंच्याण्णव.

आता चौक म्हणजे हवालदारांचा जीव की प्राण. पाच रस्ते, मधे गोल चौथरा आणि त्यावर अठरा वर्षं हवालदार. तिथे दोनदा सिग्नलचे दिवे बसवले आणि दोनदा काढले, कारण पाच रस्त्यांचं गणित दिव्यांना काही सुटेना. हवालदारांना ते सुटायचं. त्यांनी नुसता तळवा दाखवला की भलीमोठी बस निमूट उभी राहायची. घरात त्यांचं कुणी फारसं ऐकत नसे, पण चौकात पाच रस्ते ऐकायचे! त्यामुळे गोदाम हा शब्द ऐकताच त्यांच्या पोटात गोळा आला. पोट मोठं, म्हणून गोळाही मोठा होता.

त्यांची मुलगी परगावी राहून व्यायामशास्त्र शिकत होती. ती दोन दिवसांच्या सुट्टीवर आली होती. तिने बापाच्या उजव्या मनगटावर एक घड्याळ चढवलं आणि फोनवर काहीतरी सुरू करून दिलं.

"बाबा, नीट ऐका. दिवसाला अठराशे कॅलरी. हे तुमचं लक्ष्य."

"अठराशे म्हणजे किती पाव?"

"पावात मोजायचं नाही! रोज पाऊण तास भरभर चालायचं. हे घड्याळ तुमची पावलं मोजेल, त्यावरून किती कॅलरी जळल्या ते काढेल, आणि खायला किती उरल्या ते फोनवर दिसेल."

"म्हणजे व्यायाम केला की जास्त खाता येतं?"

"येतं, पण..."

'पण'च्या पुढचं हवालदारांनी ऐकलंच नाही. अठरा वर्षांत त्यांनी वाहनचालकांचे इतके 'पण' ऐकले होते, की तो शब्द आला की त्यांचे कान आपोआप बंद व्हायचे. घड्याळं फार उदार असतात, उरलेलं सगळं खायचं नसतं, अगदीच भूक लागली तर निम्मं खायचं, हे सगळं मुलीने भिंतीला सांगितलं आणि ती परत गेली.

पहिल्या दिवशी हवालदार पहाटे उठून पाऊण तास चालले. त्यातली दहा मिनिटं बाकावर गेली, पण ती सोडून द्या. बायकोने स्वयंपाकघरातल्या काट्यावर मोजून नाश्ता दिला, मोजून डबा दिला. हवालदार चौथऱ्यावर उभे राहिले आणि दुपारी बारा वाजता घड्याळ मनगटावर गुरगुरलं. शाब्बास! दहा हजार पावलं! ड्यूटी संपली तेव्हा आकडा होता चौतीस हजार, आणि फोनवर हिरव्यागार अक्षरांत झळकत होतं, 'उरलेल्या कॅलरी : दोन हजार.'

चार फुटांच्या चौथऱ्यावर उभं राहून आपण एवढं कसं चाललो, हा प्रश्न दुसऱ्या कुणालाही पडला असता. हवालदारांना पडला नाही. ड्यूटीनंतर आपले पाय भयंकर दुखतात हे ते अठरा वर्षं घरात सांगत होते आणि कुणी मनावर घेत नव्हतं. शेवटी एका यंत्राने घेतलं! त्यांना अगदी भरून आलं. त्या भरात ते चौकाच्या कोपऱ्यावरच्या बेकरीत शिरले.

"बाई, या केकच्या तुकड्यात किती कॅलरी?"

बेकरीवाल्या बाईंना असं कुणी कधी विचारलं नव्हतं. "असतील चारशे," त्या म्हणाल्या.

"मग पाच द्या. हिशेब चोख बसतो!"

रात्रीच्या जेवणाला हवालदारांनी हात लावला नाही, तेव्हा बायको घाबरली. मग तिला त्यांच्या मिशीत क्रीम दिसलं.

"अहो, तुमचं ते डाएट चालू आहे ना?"

"नियमाने चालू आहे! हे बघ, फोनवर हिरवं आहे. हिरवं असताना जागेवर उभं राहणं म्हणजे वाहतुकीला अडथळा!"

दोन आठवडे हिरवंच राहिलं. केक झाले, आइस्क्रीम झालं, बटाट्याचे तळलेले काप झाले. बेकरीवाल्या बाई ड्यूटी संपायच्या वेळी डबा बांधूनच ठेवू लागल्या. मग एके दिवशी हवालदार औषधांच्या दुकानाबाहेरच्या काट्यावर ऐटीत उभे राहिले. काटा म्हणाला, साडेशहाण्णव.

"स्नायू!" त्यांनी घरी येऊन जाहीर केलं. "चरबीपेक्षा स्नायू जड असतात."

बायकोने त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि नजर मधेच थांबवली. "आणि ते सगळे पोटावरच उगवतात वाटतं!"

तेवढ्यात मुलीचा फोन आला. "बाबा, रोज किती पावलं होतात?"

"पस्तीस हजार!"

मुलगी खळखळून हसली. बापाची फेकाफेक तिला लहानपणापासून ठाऊक होती. तीन-साडेतीन हजार होत असतील असं तिने मनातल्या मनात धरलं आणि विषय तिथेच संपला. तो तिथे संपायला नको होता.

कारण हवालदारांच्या पोटातला गोळा पुन्हा जागा झाला होता. साडेशहाण्णव! कुठेतरी मेहनत कमी पडत होती. त्यांनी डोकं चालवलं. सुट्टीच्या दिवशी घड्याळ जेमतेम चार हजार पावलं दाखवायचं, गर्दीच्या दिवशी चाळीस हजार. म्हणजे ड्यूटी जितकी जोरात, तितकी चरबी खलास! झालं, दुसऱ्या दिवसापासून हवालदार जोरात ड्यूटी करू लागले.

जिथे तळवा पुरायचा तिथे ते अख्खा हात फिरवू लागले. हात पुरेना म्हणून कंबरेतून वाकू लागले. कंबरेचं समाधान होईना म्हणून टाचा उचलून दोन्ही हातांनी हवा घुसळू लागले. दुधाच्या गाडीवाल्याला 'वळ' हा इशारा संपल्याचं कळेचना. त्याने चौथऱ्याला तीन प्रदक्षिणा घातल्या. बसचा ड्रायव्हर खिडकीतून ओरडायचा, "हवालदार, पुढे घेऊ की मागे? की खाली उतरू?" पिशव्या घेऊन जाणाऱ्या दोन बायका रोज लांबून हात हलवून त्यांना उलट निरोप देऊ लागल्या. आणि बागेत सकाळी व्यायाम करणाऱ्या आजी-आजोबांच्या मंडळाने तर बाग सोडली आणि फुटपाथवर रांग धरली!

"हवालदार, मान पण फिरवायची का हो?" एका आजींनी विचारलं.

"फिरवा, फिरवा! मोकळी फिरवा!" हवालदार म्हणाले. मानेनेही चार कॅलरी जळत असतील तर त्यांना हव्याच होत्या.

वजनाच्या आदल्या दिवशी त्यांनी पन्नास हजारांचा निश्चय केला. काय ते हात! काय तो आवेश! पाचही रस्त्यांना एकाच वेळी 'या' असं वाटलं आणि पाचही रस्ते आले. चौकात बसच्या नाकाला दुधाची गाडी भिडली, दुधाच्या गाडीला ट्रक, आणि सगळ्यांच्या मागे, चाळीस मिनिटं एकाच जागी, साहेबांची जीप. शेवटी साहेब जीप सोडून गाड्यांमधून वाट काढत पायीच आले. त्यांनी पाहिलं ते असं : मधे घामाने निथळणारे हवालदार दोन्ही हात गरगर फिरवताहेत, फुटपाथवर अकरा आजी-आजोबा तेच करताहेत, आणि बेकरीच्या दारात एक बाई डबा घेऊन उभ्या आहेत.

"हवालदार! हे काय चाललंय?"

हवालदारांनी फिरत्या हातानेच कडक सलाम ठोकला. ट्रकवाल्याला तो इशारा वाटला आणि त्याने ट्रक फुलांच्या वाफ्यात घातला.

"वजन उतरवतोय, साहेब!"

साहेबांनी उद्याची वाट पाहिली नाही. त्यांनी हवालदारांना तडक कचेरीत नेऊन काट्यावर उभं केलं. अठ्ठ्याण्णव!

"तीन किलो," साहेब म्हणाले.

"हो, साहेब."

"चढले."

"हो, साहेब."

"उद्यापासून गोदाम. अठ्ठ्याऐंशी झाल्याशिवाय मला तोंड दाखवू नका."

मुलगी धावत आली ती रविवारी. हवालदार खुर्चीत मान खाली घालून बसले होते. समोर नंबरपाट्यांची अर्धवट यादी होती. तिने फोन उघडला, पस्तीस हजारांच्या रांगा पाहिल्या आणि तिचे डोळे विस्फारले. बाप खरं बोलला होता!

"बाबा, उठू नका. बसल्या बसल्या एक बस थांबवा पाहू. आता सोडा. आता डावीकडची वाहतूक."

हवालदारांनी बसल्या बसल्या पाच रस्ते मोकळे केले. मुलीने फोन त्यांच्यासमोर धरला. खुर्चीतून न हलता ते दोनशे दहा पावलं चालले होते.

"अहो बाबा, ते पाय कुठे बघतंय? ते हाताचे झोके मोजतं! माणूस चालला की हात हलतो, म्हणून. तुम्ही दिवसभर हातच हलवता!"

आतून बायको हसत बाहेर आली, पण नवऱ्याचा चेहरा पाहून तिचं हसू विरलं. हवालदारांच्या डोळ्यांत पाणी होतं.

"माझा चौक गेला गं," ते म्हणाले. "त्या पाट्या काही ऐकत नाहीत. नुसत्या पडून असतात."

बायको त्यांच्या शेजारी बसली. लग्नाला पंचवीस वर्षं झाली होती आणि हा माणूस बढाईशिवाय बोलताना तिने हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच वेळा पाहिला होता. "उद्यापासून मी येते चालायला," ती म्हणाली. "आणि बाकावर बसायचं नाही."

मग मात्र खरं सुरू झालं. घड्याळ कपाटात गेलं. अठराशे म्हणजे अठराशे, चाललात तरी आणि नाही चाललात तरी. गोदाम घरापासून एक तासावर होतं, ते अंतर जाता-येता पायी. रोजचं खाणं बायको ग्रंथालयाच्या जुन्या वहीत नोंदवायची, आणि तिच्या नोंदीत खाडाखोड चालत नसे. पहिल्या महिन्यात दोन किलो गेले, दुसऱ्यात तीन. बेकरीवरून जाताना हवालदार श्वास रोखून धरत, वासातही कॅलरी असतील या भीतीने. साडेचार महिन्यांनी ते साहेबांच्या काट्यावर उभे राहिले. सत्त्याऐंशी! साहेबांनी स्वतः उठून हात मिळवला, आणि हवालदारांची बढाई त्या क्षणी ठणठणीत बरी झाली.

"अहो, पँट शिंप्याकडे टाकते," बायको म्हणाली. "दोन माणसं मावतील तिच्यात."

"मुळीच नाही! ढगळच राहू दे. किती उतरवले ते लोकांना दिसायला नको?"

"मग पट्ट्याला तरी चांभाराकडून भोक पाडून घ्या."

"त्यात काय? खिळा आहे घरात!"

दुसऱ्या दिवशी सकाळी चौक गच्च भरला होता. आजी-आजोबांचं मंडळ आलं होतं, बेकरीवाल्या बाई आल्या होत्या, बायको रजा टाकून फुटपाथवर उभी होती. हवालदार चौथऱ्यावर चढले, तसा टाळ्यांचा कडकडाट झाला. तेवढ्यात तिसऱ्या रस्त्यावरून रुग्णवाहिकेचा भोंगा ऐकू आला. हवालदारांनी छाती पुढे काढली, पोट आत घेतलं आणि दोन्ही हात सरळ वर केले. पाचही रस्ते थांबवायचे तर दोन्ही हात लागतात. आणि कंबरेपाशी खिळ्याचं भोक टर्रकन फाटलं.

पँट आधी गुडघ्यापर्यंत आली, मग तिने फार विचार केला नाही. हवालदारांना सगळं कळत होतं. पण गाडीत कुणाचा तरी जीव होता, आणि हात खाली आले की पाच रस्ते सुटणार होते. हात वरच राहिले. कान लाल, नजर समोर, आणि खाली काळ्या-पांढऱ्या आडव्या पट्ट्यांची चड्डी! रुग्णवाहिका सुसाट निघून गेली. मागे एकही हॉर्न वाजला नाही. अठरा वर्षांत पाचही रस्ते इतके शिस्तीत कधी उभे राहिले नव्हते.

बायकोने पदर तोंडाला लावला होता. रडते की हसते, ते कळत नव्हतं.

बसचा ड्रायव्हर खिडकीतून अर्धा बाहेर आला. "हवालदार, हात खाली घ्या आता! एवढं झेब्रा क्रॉसिंग समोर दिसत असताना आम्ही पुढे येतोय होय?"

हवालदारांनी एका हाताने पँट वर ओढली आणि दुसऱ्या हाताने सगळ्यात आधी ती बस सोडली. ती जितक्या लवकर नजरेआड होईल तितकं बरं!