चिखलाची पदवी

एका जंगलात, मुलांनो, सगळ्यांना काही ना काही येत होतं. पण सर्टिफिकेट कोणाकडेच नव्हतं.

हे जंगल व्हिएतनाममध्ये होतं. तिथे एक मोठी नदी नऊ तोंडांनी समुद्राला मिळते. नदीकाठी भाताची शेतं होती. शेतांत म्हशी, बदकं आणि पाणमांजरं सुखाने राहत होती.

मग एका उन्हाळ्यात नदी आटली आणि समुद्र आत शिरला. पाणी खारट झालं, भात पिवळा पडला. बदकांना पाणी पिऊन उचक्या लागू लागल्या. असे दोन उन्हाळे गेले.

पंचायत भरली. सरपंच होते कुएट आजोबा, वय वर्षं एकशे दहा, जातीने कासव. ते म्हणाले, "या संकटावर तज्ज्ञ पाहिजे."

"तज्ज्ञ कुठे मिळतात?" एका बदकाने विचारलं.

"लांब," कुएट आजोबा म्हणाले.

त्याच आठवड्यात हेल्गाबाई आल्या. या उत्तरेकडच्या हंसीण. तिथल्या बर्फाळ जंगलात एक विद्यापीठ होतं. तिकडच्या प्राण्यांना हल्ली पिल्लं फार होत नसत, त्यामुळे वर्ग ओस पडले होते. तेव्हा हेल्गाबाई देशोदेशी उडायच्या आणि विद्यार्थी गोळा करायच्या. त्यांनी वडाखाली मेळावा भरवला आणि रंगीत पुस्तिका वाटल्या. पुस्तिकेत हिरव्यागार गवतावर एक अस्वल, एक खार आणि एक माकड एकाच वहीत बघून हसत होती.

लिएन नावाची एक पारडी पुढे आली. ती होआ म्हशीची मुलगी. हुशार होती आणि भात पिवळा पडल्यापासून तिला झोप लागत नव्हती.

"मला पाणी शिकायचंय," ती म्हणाली. "खारं पाणी बाहेर कसं ठेवायचं, ते."

"उत्तम! अर्जात लिही, मला लहानपणापासून बर्फाची ओढ आहे."

"पण बाई, मी बर्फ बघितलेलाच नाही."

"म्हणून तर ओढ!" हेल्गाबाई म्हणाल्या.

मग भाषेची परीक्षा झाली. त्यात चार मिनिटं हवामानाबद्दल बोलायचं होतं आणि तक्रार मात्र करायची नव्हती. लिएन पास झाली. निघताना आईने तिला वाळलेल्या गवताच्या अकरा पेंढ्या बांधून दिल्या आणि म्हणाली, "पोहोचलीस की फोन कर."

लिएन जहाजाने उत्तरेला पोहोचली. हिरवं गवत होतं, पण ते बर्फाखाली. वर्षातले नऊ महिने ते तिथेच असतं, असं तिला सांगण्यात आलं. पहिल्या दिवशी तिला अस्वल आणि खार यांच्यामध्ये उभं करून फोटो काढले. दुसऱ्या दिवशीही काढले. तिसऱ्या दिवशी खार म्हणाली, "सवय होईल. मी सहा वर्षं हसतेय."

वर्गात चाळीस विद्यार्थी होते. त्यातले एकतीस लिएनच्याच नदीवरचे निघाले. शिकवायला टोबियास सर होते. सर म्हणजे बीव्हर, लाकडं कुरतडून नदीवर बांध घालणारा रुंद शेपटीचा प्राणी. विषय होता 'नदी अडवणे, भाग एक'.

लिएनने विचारलं, "सर, समुद्रच नदीत घुसला तर काय करायचं?"

सरांनी चष्मा काढला. मग म्हणाले, "खरं सांगू? मला माहीत नाही. आमच्याकडे नदी समुद्राकडे जाते. समुद्र कधी नदीकडे आलेला नाही. तू शोध, मी मदत करतो."

लिएनने ग्रंथालय पालथं घातलं. खाऱ्या पाण्यावर एक पुस्तक सापडलं, ते लोणच्याबद्दल होतं. शेवटी रडकुंडीला येऊन तिने आईला फोन लावला.

"त्यात काय एवढं?" होआ म्हणाली. "भरती आली की कालव्याचं तोंड चिखलाने लिंपायचं. ओहोटी लागली की फोडायचं. तुझी पणजी पायांनी लिंपायची."

"मग आपण का नाही करत?"

"मी दोन वर्षं पंचायतीत सांगतेय. सगळे म्हणतात, हिला काय कळतं, ही दिवसभर चिखलात बसते."

 त्या दोन वर्षांत आईने घरीही हेच सांगितलं असणार, आणि आपण पुस्तकं चाळत बसलो असणार, असं लिएनला वाटलं. तिचे कान गरम झाले. त्या थंडीत ते बरंही वाटलं.

"आई, कुठला चिखल? सगळं सांग. मी लिहून घेते."

पुढचं वर्षभर ती लिहीत होती. सरांनाही चेव आला. रोज दोनदा कोण लिंपणार, असं म्हणत त्यांनी फांद्यांची एक झडप बनवली. ती भरतीच्या धक्क्याने मिटायची आणि ओहोटीला आपोआप उघडायची. झडप सरांची आणि कडेचं लिंपण आईचं, असा प्रबंध तयार झाला.

"हा संदर्भ कुठला?" सरांनी विचारलं. "'होआ, फोनवर, जेवणानंतर'?"

"आई."

"आणि प्रकाशक?"

"आईच."

सर इतके हसले की त्यांची शेपटी आपटून तळ्यावरचा बर्फ तडकला. त्यांनी पहिला वर्ग दिला.

लिएन घरी परतली. पंचायत भरली. कुएट आजोबांनी आधी शिक्का पाहिला, मग कागद उजेडात धरला, मग चाटून पाहिला.

"वाच," ते म्हणाले.

"भरती-नियंत्रित मृदा-अवरोधन," लिएनने वाचलं.

"म्हणजे?"

"चिखल लिंपणे."

टाळ्यांचा कडकडाट झाला. पाणमांजरांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"अहो, पण हे आईचंच आहे!" लिएन ओरडली. "ती दोन वर्षं हेच सांगत होती!"

"बघा," कुएट आजोबा गहिवरून म्हणाले. "एवढी शिकली, पण किती नम्र! परदेशात संस्कारही शिकवतात."

आठ दिवसांत सगळ्या कालव्यांच्या तोंडांवर झडपा बसल्या. सगळ्या म्हशींनी मिळून कडा लिंपल्या. गोडं पाणी शेतात राहिलं, भात पुन्हा हिरवा झाला आणि बदकांच्या उचक्या थांबल्या.

बांधावर मायलेकी रवंथ करत बसल्या होत्या.

"आई, तुला राग नाही आला?"

"भात आला ना? मग झालं." होआने शेपटीने एक माशी हाकलली. "तुझे ते सर माझ्या वयाच्या बायकांना घेतात का गं?"

"तुला काय शिकायचंय?"

"शिकायचं काही नाही. मला पंचायतीला अजून दोन गोष्टी सांगायच्या आहेत. शिक्का किती दिवसांत मिळतो?"

पुढच्याच जहाजाने होआ उत्तरेला गेली. तिकडून फोन आला तो टोबियास सरांचा. ते म्हणाले, "लिएन, तुझी आई शिकवतेय. मी पहिल्या बाकावर बसतो. काल माझी वही तपासून तिने परत लिहायला लावली."

तात्पर्य : मुलांनो, आईचं नेहमी ऐकावं. पण त्यासाठी आधी परदेशी जावं. इतक्या जवळून ते ऐकू येत नाही.