वानखडेभाऊंचा बाळंतशेपा

वानखडेभाऊ घराबाहेर पाऊल टाकायच्या आधी चौकटीवर दोनदा टकटक करायचे. डबल बेल. मंगच निघायचे. दळणाला निघाले तरी डबल बेल, संडासला निघाले तरी डबल बेल. परत आले की एकच टक. म्हणजे गाडी थांबली. सारी नोकरी यष्टीत कंडक्टर म्हणून गेली. रिटायर झाले, पण ते बोटांना कुणी सांगितलंच न्हाई.

आमची बिल्डिंग कसबा पेठेत. वर समदे फ्लॅटवाले. आम्ही दोघं जुने भाडेकरू, म्हणून बिल्डरनं तळाला दोन खोल्या दिल्या, जिन्याखाली. एकीत ते एकटे, एकीत मी एकटी. मधी एक भिंत, ती पण अशी की मला ठसका लागला तर ते तिकडून "पाणी प्या बाई" म्हणायचे.

मूळचे अकोल्याकडचे. जन्म पुण्यात गेला तरी बोली तिकडचीच राहिली. काहीही विचारा, आधी "काहून जी?" म्हणणार. आमचे सेक्रेटरी नगरकर एकदा म्हणाले, "वानखडे, जरा शुद्ध बोलत जा हो." तर हे म्हणाले, "काहून जी? तुम्हाले समजलं ना? मंग पोचली ना गाडी."

मालकीण मागंच गेलेली. एकच पोरगी, रेणू. ती यवतमाळकडं एका खेड्यात दिलेली.

तर तो रोग आला तवाची गोष्ट. टीव्हीवर सांगितलं, आता सगळं बंद, कुणी घराबाहेर पडायचं न्हाई. सांगून झालं न्हाई तोच सगळे घराबाहेर पडले. गल्लीच्या तोंडाला पोपटशेठचं किराणा दुकान हाय, तिथं अशी झोंबाझोंबी की लग्नात आईस्क्रीमला पण न्हाई होत. नगरकर स्कूटरवर दोन पायांच्या मधी पोतं घेऊन आले. घरात माणसं दोन, ते आन् बाई. मला म्हणाले, "थोडंसं, खबरदारी म्हणून." त्या थोडक्याला वर न्यायला लिफ्ट संध्याकाळपर्यंत खाली-वर करत राहिली. शेवटी ती बंदच पडली.

मला काय घाबरायला झालं न्हाई. दुष्काळात नवी नवरी व्हते तवा सासूसंगं खडी फोडली मी. सरकारची लाल मिलो ज्वारी यायची, तिची भाकरी खाल्ली. ती पण असली तर. टंचाई हा शब्दच तवा ठाऊक न्हवता. वाटायचं, जगात असंच असतं. पुण्यात आले, लोकांची वर्षाची धान्यं निवडली, मार्केट यार्डात सांडलेलं झाडून आणलं. माझ्या डब्यात एरवी जेवढं असायचं तेवढंच त्या दिवशी पण व्हतं. मंग धावायचं कशाला?

भाऊंना पण तांदूळ-डाळीचं काय न्हवतं. भाकरी आन् ठेचा, झाला संसार. त्यांच्या जिवाला घोर लागला तो वेगळाच. दुसऱ्या दिवशी माझ्या पायरीपाशी येऊन उभे राहिले, तोंडाला गमछा बांधून.

"बाई, रेणू येऊन राहिली."

"आता? अवो भाऊ, गाड्या बंद हायत."

"सुटंल. बंद झालेली गाडी सुटतेच, मले माहीत आहे. आठवा लागला तिले. पहिलं बाळंतपण बापाच्या घरी नाही तं कुठं होईन?" मंग आवाज बारीक करून, "घरात बाईमाणूस नाही. मले काही समजत नाही त्यातलं. काय काय लागते ते सांगा. सगळं भरून ठेवतो."

मी सांगितलं. डिंक, खारीक, अळीव, सुंठ, साजूक तूप. जेवणावर खायला बाळंतशेपा, धुरीला ओवा, औषधाच्या दुकानातून बाळंतकाढा. ते एकेक बोट दुमडत पाठ करत राहिले, गावांची नावं पाठ करावीत तसं.

"पण भाऊ, ते फळ्यावर लिवलंय ना?"

खाली फळ्यावर नगरकरांनी लिवलं व्हतं, मला शेजारच्या पोरीनं वाचून दाखवलेलं: 'बाहेरगावच्या पाहुण्यांना सक्त मनाई. आपली मुलेबाळे आली तरी ती पाहुणेच समजली जातील. प्रेम फोनवर करावे.'

"म्हणून तं तुम्हाले सांगून राहिलो. कोणाजवळ बोलू नका. पोरगी एकदा दारात उभी राह्यली की कोणाची छाती आहे तिले परत पाठवाची?"

मी बोलणार न्हवते. माझ्या पोटात लई जणांचं लई काही हाय.

पोपटशेठनं दुकानापुढं चुन्याचे गोल काढले, एका गोलात एक माणूस. भाऊ पहाटेच जाऊन उभे राहायचे. आन् रांग दिसली की त्यांच्यातला कंडक्टर जागा व्हायचा. "पुढे सरका! पुढे सरका! मंधात जागा आहे!" लोक सवयीनं सरकायचे, सगळे एकमेकांच्या अंगावर. हवालदार काठी आपटत आला. "ओ काका, मागं सरका म्हणा, मागं!" भाऊंनी तोंड उघडलं, पण ते शब्द काय निघंनात. जन्मात कधी म्हणलेच न्हवते. आन् गोलात पिशवी ठेवून घरी चहाला जाणाऱ्यांची पिशवी ते उचलून कडेला ठेवायचे. "रुमाल टाकून जागा धराचे दिवस गेले जी. माणूस उभा पाह्यजे." नगरकरांची पिशवी रोज कडेला असायची.

नंबर लागला. मी मागच्या गोलात व्हते, माझ्या मागं नगरकर. भाऊंनी पाठ केलेलं म्हणून दाखवलं. पोपटशेठनं चष्म्यावरून बघितलं.

"लोक तांदूळ मागतात, तुम्ही डिंक मागता? आणि एवढा शेपा?"

"काहून जी? विकत नाही काय?"

"घ्या की. पडूनच आहे."

नगरकर मागून म्हणाले, "काय हो वानखडे, हे काय नवीन?"

भाऊंना खोटं बोलता येत न्हाई. खरं बोलायची सोय न्हवती. लई वेळ गमछा नीट करत राहिले, मंग म्हणाले, "तब्येतीले चांगलं असते. अंगात ताकद येते. रोग जवळ नाही येत."

बास. एवढंच बोलले आन् निघाले.

पण नगरकर शिकलेला माणूस. त्यांनी त्याचा अर्थ लावला. वानखडे यष्टीतले, यष्टी म्हणजे सरकार, म्हणजे सरकारनं आतल्या माणसांना आधीच औषध सांगितलंय, जनतेला सांगत न्हाईत कारण पुरणार न्हाई. दुपारपर्यंत ते सगळ्यांच्या मोबाईलवर गेलं. संध्याकाळी मला पलीकडच्या गल्लीतली बाई सांगते, "मावशी, दिल्लीहून आलंय, शेपा चघळायचा."

दुसऱ्या दिवशी रांग पार देवळापर्यंत. तांदळाची पोती तशीच पडून, डिंक संपला. अळीव संपले. ज्यांना अळीव कशाशी खातात ते ठाऊक न्हवतं, ते बाप्ये पिशव्या भरून घेऊन गेले. नगरकर औषधाच्या दुकानात बाळंतकाढा आणायला गेले. दुकानदारानं नेहमीसारखं विचारलं, "पेशंट कोण?"

"मीच," म्हणाले.

वरच्या ग्यालरीतून नगरकरबाई खाली वाकून मला म्हणाल्या, "मावशी, माझ्या दोन बाळंतपणांत ह्यांनी मला कधी लाडू लागतो का विचारलं नाही. आता स्वतः सकाळ-संध्याकाळ खातायत. वर काढा. डोक्याला फडकं बांधून कोपऱ्यात निजवायचे तेवढे राहिलेत."

ते पण झालं. एवढ्या उन्हाळ्यात डिंक, सुंठ आन् अळीव, सगळं उष्ण. नगरकरांचा घोळणा फुटला. नाकातनं रक्त बघून बिल्डिंगीत बोंब झाली, रोग आला, रोग आला! त्यांचाच नियम व्हता की कुणाला काही झालं तर त्याला एका खोलीत बंद करायचं. केलं. दाराखालून ताट सरकवायचं, अंग शेकायचं, बाहेर यायचं न्हाई. डॉक्टरला फोन लावला. त्यानं विचारलं, खाण्यात काय आलं? बाईंनी एकेक सांगितलं. डॉक्टर म्हणाला, "बाळ कसं आहे?"

सगळी बिल्डिंग हसली. भाऊ हसले न्हाईत.

"बाई, तूप भेटलं नाही अजून. खारीक बी कमी आहे. पोपटशेठ म्हणते, संपलं सगळं. हे लोकं काय करून राहिले त्याचं?"

"खाऊन राहिलेत," म्हणलं.

"बाळंत कोण आहे त्याइच्यात?"

त्यांनी एक शब्द तोंडातनं काढला असता तर वरच्या निम्म्या घरांतनं डबे खाली आले असते. आन् नगरकरांनी दाराला कुलूप घातलं असतं. म्हणून गप्प. रोज सकाळी टक टक करून चालत स्वारगेटला जायचे. डेपोत गाड्या नुसत्या ओळीनं उभ्या. वॉचमनला विचारायचे, तो उद्या बघा म्हणायचा. पोलिसांनी दोनदा हटकलं, एकदा उठाबशा काढायला लावल्या, ह्या वयात. परत येऊन मला सांगायचे, "सुटंल, बाई. डायवर लोकं आंघोळी करून बसले आहेत."

खोलीला त्यांनी स्वतः चुना दिला. खाट भिंतीपासनं सरकवली, वारा लागायला नको म्हणून खिडकीच्या फटीला कागद चिकटवले. वर पाळण्यासाठी कडी ठोकली, आन् तिला स्वतः लोंबकळून बघितलं. भिंतीपलीकडनं मला धप्प झालेलं ऐकू आलं. "काही नाही बाई," ओरडले. "कडी मजबूत आहे. मीच सटकलो."

असे दिवस जात राहिले. पोलिसांकडनं प्रवासाचा पास मिळतो म्हणाले, तो मिळाला न्हाई. मिळाला असता तरी तिकडच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, आता हिला हलवू नका.

मी सकाळची ज्वारी निवडत पायरीवर बसले व्हते. भाऊ बाहेर आले. पायात चप्पल न्हाई.

"झाली बाई. पोरगी झाली."

"दोघी बऱ्या?"

"बऱ्या आहेत. जावयाचा फोन होता. तिथंच, तालुक्याच्या दवाखान्यात."

"ग्वाड झालं," म्हणलं. "बसा."

ते त्यांच्या पायरीवर बसले, मी माझ्या. माझ्या सुपातली ज्वारी इकडची तिकडं झाली. मंग भाऊ आपल्याशीच बोलावं तसं म्हणाले,

"सारी नोकरी लोकाच्या पोरी माहेरी पोचवल्या मी. पोटुशी पोरगी चढली की पुढची शीट खाली करून द्याची. डायवरले म्हणाचं, गड्डे पाहून हाण बाप्पा. स्टॉप नसला तरी तिच्या गावच्या फाट्यावर गाडी थांबवाची. तिथं तिचा बाप उभा राहे, उन्हात, छत्री घेऊन. आपली पोरगी उतरली की हातातली पिशवी आधी घे, बोले काहीच नाही." थांबले. "मले वाटे, आपणबी एक दिवस असंच उभं राहू."

मी सूप खाली ठेवलं.

"बाई, आता बाळंतिणीच्या बापानं काय कराचं असते? रेणूची माय असती तं मले कोणाले विचारा लागलं नसतं."

मला तरी काय ठाऊक? माझ्या बापाला कुणी विचारलं न्हवतं, त्यानं पण कुणाला विचारलं न्हवतं. पण माणूस विचारतोय तर काहीतरी हाताला द्यावं लागतं.

"बाळाला कापड लागतं, भाऊ," म्हणलं. "नवं कापड अंगाला टोचतं. धुऊन धुऊन मऊ झालेलं लागतं. दुपटी, लंगोट, टोपडं. तुमच्या मालकिणीची लुगडी ठेवलीत का?"

भाऊ उठले. आत पेटी उघडल्याचा आवाज आला. बाहेर आले ते हातात एक हिरवं लुगडं घेऊन. डांबरगोळीचा वास येत व्हता. घडी अशी बारीक घातलेली की ती बाप्याच्या हातची वाटंना.

"हे तिचं रोजचं," म्हणाले.

मी कात्री आणली. एक टोक त्यांच्या हातात दिलं, दुसरं घेऊन मी मागं मागं सरत गेले. दोघांच्या मधी लुगडं ताणलं गेलं, सरकारी अंतर आपोआप पाळलं गेलं. तेवढ्यात नगरकर जिना उतरत व्हते, नाकात कापूस घालून, पहिल्यांदाच मोकळे सुटलेले. थबकले.

"काय चाललंय हे?"

"नात झाली मले," भाऊ म्हणाले.

नगरकरांनी भाऊंकडं बघितलं. उघड्या दारातनं आत बघितलं. पांढरी भिंत, सरकवलेली खाट, वरची कडी, कोपऱ्यात डिंकाच्या पुड्या. आन् आल्या पावली जिना चढून गेले.

मी कात्रीनं काठाला चीर दिली आन् ओढलं. जुनं सुती कापड फाटताना लई आवाज करतं. भाऊंनी डोळे मिटून घेतले. पण टोक सोडलं न्हाई.

मी थांबले.

"फाडा," म्हणाले. डोळे मिटलेलेच. "फाडा बाई, थांबू नका. मऊ आहे ना?"

"लई मऊ हाय," म्हणलं, आन् ओढलं.