शिवराई सरळ करण्याची मोहीम

शनिवारी सकाळी दहा वाजता सांगलीचे हळदीचे व्यापारी अजितकुमार चौगुले यांनी अमेरिकेहून आलेलं पाकीट फोडलं आणि त्यांची शिवराई उलटी निघाली.

शिवराई म्हणजे तांब्याचं जुनं नाणं. तिकडची एक कंपनी नाणं पारखते आणि दर्जाच्या छापील दाखल्यासह पारदर्शक डबीत कायमचं बंद करून देते. १९९७ साली असं नाणं सांगली-साताऱ्यात दुसऱ्या कुणाकडे नव्हतं. दर्जा उत्तम मिळाला होता. पण डबी बंद करणाऱ्याला देवनागरी कुठून येणार? वर दाखला सरळ आणि खाली ‘श्री राजा शिव’ शीर्षासनात!

रविवारी साताऱ्यात नाण्यांचं प्रदर्शन होतं. पहिलं बक्षीस आपलंच, असं अजितकुमार अख्ख्या पेठेत सांगून बसले होते.

“डबी उलटी धरा की,” त्यांच्या पत्नी त्रिशलाताई म्हणाल्या.

“मग दाखला उलटा होतोय.”

“फोडा मग.”

“फोडली की दाखला रद्द. शिवराई अमेरिका बघून आली, एवढंच तिच्याकडं राहणार.”

त्यांनी डबी कानाशी नेऊन खुळखुळ्यासारखी हलवली. नाणं केसभर सरकलं. अजितकुमारांना तेवढं पुरेसं होतं. आधी लाटण्याने ठोकून झालं, मग दुपारी ते डबी घेऊन हळद पॉलिश करायच्या ड्रमपाशी गेले. ड्रम आकाराम चालवायचा.

“आवं शेठ, ह्यात हळद घालत्यात. महाराजास्नी कशापायी घालताय?”

“आत न्हाई रं, भायेरनं बांध. हादरे पाहिजेत.”

“हादरं लय हायती. कालच माझी दाढ हालली.”

ड्रम सुरू झाला. पहिल्या खेपेला नाव मिरजेकडे कललं, दुसऱ्या खेपेला इस्लामपूरकडे. आतली हळकुंडं गोट्यांसारखी गुळगुळीत झाली, तरी अजितकुमार हटेनात. संध्याकाळी एकदाचं नाव दाखल्याखाली नीट उभं राहिलं.

रविवारी साताऱ्यात प्रदर्शनाचे चिटणीस नाथाजीराव यांनी मानाची जागा दिली: सभागृहाच्या मधोमध, चारी बाजूंनी काचेची पेटी. त्यांनी पुढून पाहिलं, खूश झाले. मागे गेले आणि तिथेच थांबले.

“शेठ, हिकडनं ‘छत्रपति’ उलटं हाय.”

शिवराई हाताने ठोकलेली. तिचे दोन्ही छाप एका रेषेत पडतीलच असं नाही. या नाण्यात पुढचं सरळ केलं की मागचं उलटं होत होतं. म्हणजे काल सकाळी मागची बाजू सरळच होती. बघितली कुणी?

“घरी न्या आता,” नाथाजीराव म्हणाले. “महाराजांचं नाव उलटं मी ठेवणार न्हाई. परीक्षक यायची येळ झालीय.”

“परत न्यायला आणली न्हाई मी,” अजितकुमार म्हणाले आणि त्यांनी डबी कुशीवर उभी केली, दोन्हीकडची अक्षरं आडवी झाली. “आता सांगा, कुठलं उलटं हाय?”

नाथाजीरावांनी पेटीभोवती फेरी मारली. “उलटं कुठलंच न्हाई. पर सरळबी कुठलंच न्हाई.”

“चालतंय की.”

दारं उघडली. पहिल्या माणसाने वाचायला मान एका खांद्यावर टाकली, वळसा घातला आणि मागेही त्याच खांद्यावर टाकली. त्याच्यामागचेही तसेच निघाले. दारातल्यांना एवढंच दिसलं, की मंडळी मान तुकवून मधल्या पेटीला प्रदक्षिणा घालतायत. कुणीतरी चपला काढल्या. मग सगळ्यांनीच काढल्या. कुणी झेंडूचं फूल वाहिलं.

“आवं, हात काय जोडताय? वाचा, वाचा,” अजितकुमार एका म्हाताऱ्याला म्हणाले.

“वाचायचं काय त्यात? नाव ठावं हाय,” म्हातारा म्हणाला आणि काचेला कपाळ टेकून पुढे सरकला.

शेवटची बातमी हाती आली तेव्हा रांग फाटकाबाहेर गेली होती. परीक्षक तिच्या शेपटाला अनवाणी उभे होते. मध्ये घुसू नका, असं त्यांना एका बाईने बजावलं होतं. बक्षिसाचं अजून काही ठरलेलं नव्हतं.